आईच्या नसेतला फुगा आणि लेकीच्या लॅपटॉपवरचा लाल-निळा नकाशा

वाचकाचं पत्र

मी ऐरोलीला राहते, रबाळे एमआयडीसीतल्या एका पंप कंपनीत सीएफडीचं, म्हणजे संगणकावर द्रवाच्या प्रवाहाचं गणित करण्याचं, काम करते. आई (वय ६१) ठाण्याला नौपाड्यात असते. चक्कर येते म्हणून केलेल्या एमआरआयमध्ये तिच्या मेंदूतल्या नसेला फुगा असल्याचं कळलं. सीटी अँजिओच्या रिपोर्टप्रमाणे डाव्या आतल्या कॅरोटिडवर, पोस्टेरियर कम्युनिकेटिंग फांदी निघते तिथे ५.६ × ४.१ मिमीचं अ‍ॅन्युरिझम आहे, त्याची मान (नसेवर फुगा उघडतो ते तोंड) ३.२ मिमी. आईला बीपीची गोळी चालू आहे. न्यूरोसर्जन म्हणाले, बीपी सांभाळा, सहा महिन्यांनी परत स्कॅन करू. मला चैन पडेना. सीडीवरच्या फायलींतून मॉडेल काढून मी ओपनफोम या सीएफडीच्या सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन चालवलं. डॉपलरच्या रिपोर्टमधला ०.५ मी/से वेग आत, बाहेर सगळीकडे शून्य दाब, के-ओमेगा हे टर्ब्युलन्सचं (खळबळत्या प्रवाहाचं) मॉडेल, स्थिर प्रवाह. मानेपाशी वॉल शिअर स्ट्रेस (रक्ताचा भिंतीवरचा घासता ओढा) ३८ पास्कल आला (लाल), डोमच्या, म्हणजे फुग्याच्या घुमटाच्या, टोकाला ०.३ (निळा). मानेलगतच्या मूळ नसेवरही लाल पट्टा आहे. यातली कुठली भिंत कमजोर समजायची? आणि हे चित्र दाखवून लवकर ऑपरेशन करा असा आग्रह धरू का?

उत्तर

ऑपरेशनचा आग्रह धरण्याइतकं वजन या चित्रात नाही. गणितात काही चुका आहेत, त्या खाली सांगतोच. पण ते बिनचूक असतं तरी भिंत कुठे कमजोर आहे हे त्यातून निघालं नसतं, कारण भिंत त्या गणितात आहेच कुठे? तुम्ही रक्ताचा प्रवाह सोडवलात. भिंत म्हणजे तिथे नुसती हद्द: जाडी नाही, ताकद नाही, हालचालही नाही.

त्याआधी एक निकडीची गोष्ट, जी नौपाड्याच्या घरात सगळ्यांना पाठ हवी. या जागच्या फुग्याला अगदी खेटून डोळा हलवणारी तिसरी नर्व्ह जाते. एका डोळ्याची पापणी अचानक खाली आली, त्या डोळ्याची बाहुली मोठी दिसू लागली, एकाचे दोन दिसू लागले, तर फुगा वाढून नर्व्हवर दाबतोय असं धरायचं आणि लगेच इमर्जन्सीत जायचं. उद्याच्या ओपीडीची वाट बघायची नाही. आयुष्यात कधी झाली नाही अशी, क्षणात टोकाला जाणारी डोकेदुखी, सोबत उलटी, मान आखडणं किंवा शुद्ध हरपणं, हेही तसंच. १०८ ला फोन. जवळच्या कुठल्या रुग्णालयात न्यूरोसर्जन आणि कॅथलॅब दोन्ही रात्रीसुद्धा मिळतात हे आजच विचारून कागदावर लिहून ठेवा. तुम्ही ऐरोलीचा पूल ओलांडून पोचेपर्यंत घरच्यांनी थांबायचं नाही.

आता तुमचे पास्कल. ३८ हा आकडा मोठा वाटतो, पण शेजारी आईंचं बीपी ठेवून पाहा. १०० मिमी पारा म्हणजे सुमारे १३,३०० पास्कल. शिअर म्हणजे रक्त भिंतीला घासून जातं तो ओढा. निरोगी धमनीत तो साधारण १ ते ७ पास्कल असतो. पंपाचं केसिंग पाण्याच्या घासण्याने फुटत नाही, दाबाने फुटतं, हे तुम्हाला सांगायला नको. फुग्याच्या भिंतीतला ताण गोलाच्या सूत्राने काढा: दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. त्रिज्या ३ मिमी आणि जाडी ०.१ मिमी धरली तर ताण जवळपास २ लाख पास्कल येतो. जाडी ०.०५ मिमी असेल तर ४ लाख. सगळा खेळ जाडीवर आहे, आणि सीटी अँजिओत जाडी दिसत नाही. तिथे दिसतो तो नसेचा पोकळ भाग, डाय भरलेला.

रक्ताची धार जिथे भिंतीवर आदळते तिथे दाब वाढतो, म्हणून ती जागा फुटेल, हेही कुणीतरी सांगेल. हिशोब करा. ०.५ मी/से वेगाने जास्तीचा दाब येतो सुमारे १३० पास्कल, म्हणजे १ मिमी पारा. आईंचं वरचं बीपी १५० वरून १३० वर आलं तर उतरणारा दाब याच्या वीसपट आहे. बीपी सांभाळा हा सल्ला तुम्हाला टोलवाटोलवी वाटला असेल. तो तसा नाही.

मग शिअरचा एवढा अभ्यास का होतो? कारण नसेचं आतलं अस्तर, एंडोथेलियम, हा ओढा ओळखतं आणि त्याप्रमाणे भिंत मजबूत होते किंवा झिजते. फाडण्याची ताकद त्यात नसली तरी वर्षानुवर्षं भिंतीचा पोत तो बदलतो. इथे दोन रस्ते सांगितले जातात. नस जिथे दुभंगते तिथे शिअर खूप जास्त असेल आणि प्रवाहाच्या दिशेने झपाट्याने वाढत असेल, तर आतला लवचिक पापुद्रा तुटतो, स्नायूपेशी कमी होतात आणि फुग्याची सुरुवात होते. हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. दुसरा रस्ता उलटा. फुगा झाल्यावर त्याच्या आत रक्त मंद फिरतं, शिअर कमी आणि दिशा सारखी पालटणारी, मग दाहक पेशी भिंतीत शिरतात आणि ती सडत जाते. शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाखाली एकाच फुग्यावर आतलं रक्त दिसेल इतका पातळ लाल भाग आणि शेजारी पिवळट, जाड भाग असे दोन्ही दिसतात. सिम्युलेशन त्या दृश्याशी ताडून पाहणाऱ्या अभ्यासांपैकी काहींना पातळ भाग कमी शिअरच्या जागी सापडले, काहींना धार आदळते तिथे. थोडक्यात, तुमचं लालही संशयित आणि निळंही. ज्या नकाशात दोन्ही टोकं धोक्याची ठरू शकतात तो बघून एका बाईच्या डोक्याचं हाड उघडायचं की नाही हे ठरत नाही. हृदयाच्या धमन्यांत सीटीवरून प्रवाहाचं गणित करून निर्णय घेण्याच्या पद्धतीला अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्येच मान्यता दिली. पण तिथे मोजायचा असतो अडथळ्यामुळे उतरणारा दाब, आणि तो तार घालून खरोखर मोजून ताडता येतो. मेंदूतल्या फुग्यात ताडायला असं काही हाताशी नाही.

मानेलगतच्या मूळ नसेवरचा लाल पट्टा जवळजवळ प्रत्येक मॉडेलमध्ये येतो. मानेचा प्रवाहाच्या खालच्या बाजूचा ओठ धारेला दुभागतो, तिथे भिंतीलगतचा प्रवाहाचा थर नुकताच सुरू झालेला, पातळ, आणि वेग मोठा, शिअर वाढणारच. तो दिसला म्हणून नस तिथे खराब आहे असं नाही. तो दिसला नाही तर मात्र मॉडेल तपासा.

आता तुमचा रन. चुका महत्त्वाच्या क्रमाने सांगतो, कारण लोक नेमकं शेवटच्या गोष्टीवर डोकं खपवतात आणि पहिली सोडून देतात.

सगळ्यात मोठी चूक आकारात होते. कॅरोटिड तिथे सुमारे ४ मिमीची, आणि सीटी अँजिओचा एक व्होक्सेल (थ्रीडी चित्राचा एक ठिपका) साधारण अर्ध्या मिमीचा. थ्रेशोल्ड (किती उजळ ठिपका नस धरायचा ती हद्द) जरा इकडेतिकडे झाला की व्यास एका व्होक्सेलपेक्षाही कमीने, समजा ०.४ मिमीने, बदलतो. म्हणजे १० टक्के. प्रवाह तोच असेल तर शिअर त्रिज्येच्या घनाने उलटा बदलतो: १० टक्के अरुंद नस म्हणजे ३७ टक्के जास्त शिअर. त्यात ही जागा कवटीच्या तळाशी, हाडाला लागून. हाडाची चमक नसेत मिसळते. फांदीचा उगम आणि फुगा एकमेकांना चिकटलेले दिसतात, मान रुंद निघते आणि फुग्यात शिरणारी धारच बदलते. २०१८ मध्ये एकाच रुग्णाची पाच अ‍ॅन्युरिझम जगभरच्या वीसहून अधिक गटांना देऊन मॉडेल काढायला लावली होती. प्रतिमा तीच, पण आकार गटागणिक वेगळे आले. म्हणून एक मॉडेल काढू नका, तीन काढा: मधला थ्रेशोल्ड, थोडा खालचा, थोडा वरचा. तिन्हींत जे टिकतं तेच बोलायचं. सीडीवर ३ किंवा ५ मिमी जाडीच्याच स्लाइस असतील तर काम तिथेच थांबवा आणि सेंटरकडून ०.६ मिमीच्या आसपासच्या पातळ स्लाइस मागून घ्या. पृष्ठभाग गुळगुळीत करताना लाप्लासियन पद्धत वापरली असेल तर फुगा आकसला असेल. टाउबिनची पद्धत वापरा आणि डोमवरचा बारीक उंचवटा पुसला जात नाही ना, ते मूळ स्लाइसवर ठेवून बघा. तो उंचवटा डॉक्टरांच्या दृष्टीने शिअरपेक्षा फार महत्त्वाचा आहे.

दुसरी चूक प्रवाहाची. डॉपलरचा ०.५ मी/से हा नसेच्या मध्यभागचा वेग असतो. गोल नळीतल्या लॅमिनार (थराथराने शांत वाहणाऱ्या) प्रवाहात सरासरी वेग त्याच्या अंदाजे निम्मा. तुम्ही तोच आकडा अख्ख्या छेदाला दिलात, म्हणजे ४ मिमी नसेतून मिनिटाला ३७७ मिली रक्त. मोठ्या माणसाच्या एका कॅरोटिडमधून साधारण २५० जातं. शिवाय डॉपलर गळ्यात केलं जातं, तिथे नस रुंद असते. तिथला वेग उचलून वर लावायचा नाही, तिथला प्रवाह मोजून वर लावायचा. हाताने पडताळा घ्या: ४.५ मिमी व्यास, सेकंदाला ४ मिली, चिकटपणा ०.००३५ पास्कल-सेकंद. सरळ नळीत शिअर येतो १.६ पास्कल. मूळ नसेच्या सरळ भागात तुमचा आकडा याच्या पाच-दहापट असेल तर पुढचं काही बघूच नका.

तिसरी चूक, नस कुठे कापली. फुग्याच्या जरा खाली कापून सपाट वेग दिला तर कॅरोटिडच्या नागमोडी वळणांत रक्ताला पडणारा पीळ हरवतो, आणि धार फुग्यात कुठे आदळणार हे तो पीळच ठरवतो. कवटीतला वळणांचा भाग पूर्ण ठेवा, त्याखाली पाच-दहा व्यासांची सरळ नळी जोडा. बाहेर सगळीकडे शून्य दाब दिल्यावर रक्त कसं वाटलं जाईल? तुम्ही कुठली फांदी किती लांब ठेवलीत त्यावर. त्यापेक्षा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाटा. कॅरोटिडच्या पुढच्या दोन फांद्यांपैकी मिडल सेरेब्रल २.७ मिमी आणि अँटिरियर सेरेब्रल २.२ मिमी असेल तर वाटणी सुमारे ६५ आणि ३५ टक्के. पोस्टेरियर कम्युनिकेटिंगचं मात्र सूत्राने ठरवू नका. त्यातून रक्त कुठल्याही दिशेने जाऊ शकतं, आणि काही माणसांत मागच्या मेंदूची अख्खी धमनी याच फांदीवर जगते. सीटीत तिची जाडी आणि मागून येणाऱ्या नसेची जाडी बघा आणि दोन्ही शक्यता चालवा. आईंचा फुगा नेमका तिच्या तोंडाशी आहे.

उरलेलं भराभर. तुमच्या वेगालाही रेनॉल्ड्स आकडा (प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारा) ६०० च्या आसपास, म्हणजे शांत प्रवाहाचा, येतो. के-ओमेगा पंपासाठी ठेवा, इथे लॅमिनार. टर्ब्युलन्स मॉडेल खोटा चिकटपणा घालून डोममधल्या बारीक भोवऱ्यांची इस्त्री करून टाकतं. फर्स्ट-ऑर्डर स्कीम, म्हणजे गणिताची ढोबळ पद्धत, हीही तेच करते. प्रवाह धडधडता हवा, स्थिर नको: ७२ ठोक्यांना ०.८३ सेकंदाचं एक चक्र, तीन चक्रं चालवा, पहिली दोन टाका. सेल ०.१५ मिमी, भिंतीशी चार-पाच थर, वेळेचं पाऊल ०.०००१ सेकंदाच्या आसपास. जाळी बारीक करून परत चालवा. वेग लवकर स्थिरावतो, शिअर उशिरा, म्हणून शिअर ५ टक्क्यांच्या आत येईपर्यंत थांबायचं नाही. घनता १०५५ किलो प्रति घनमीटर. रक्त न्यूटोनियन (चिकटपणा सगळीकडे एकच) धरलं तर मंद भागात थोडा फरक पडतो, पण आकारातल्या चुकीपुढे तो किरकोळ.

ओपनफोमच्या दोन खोड्या तर नवख्याला हमखास नडतात. थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरमधून निघणारी आकाराची एसटीएल फाइल मिमीमध्ये असते आणि ओपनफोम ती मीटर समजतं, ०.००१ ने लहान करायला विसरलात तर आईंची कॅरोटिड चार मीटर रुंद होते. आणि दाबता न येणाऱ्या द्रवाच्या सॉल्व्हरमध्ये वॉल शिअर घनतेने भागलेला मिळतो, तो १०५५ ने गुणावा लागतो. ३८ हा गुणून आलेला आकडा आहे असं आम्ही धरलंय. तरी तो एखाद्या टोकदार त्रिकोणावरचा एकटा सेल नाही ना ते बघा. कमाल सांगू नका, ९९ वा पर्सेंटाइल सांगा. रंगपट्टीची वरची हद्द ३८ ला लावली की निरोगी ४ पास्कलही निळाच दिसतो. म्हणून प्रत्येक आकडा मूळ नसेवरच्या सरासरीने भागा. त्या सरासरीच्या १० टक्क्यांच्या खाली असलेलं डोमचं क्षेत्रफळ किती, हा जास्त अर्थाचा आकडा. दिशा पालटण्याचा निर्देशांक, ओएसआय, शून्य ते ०.५ मध्येच येतो, ०.६ दिसला तर स्क्रिप्ट चुकली.

एवढं करून या नकाशाचा भिंतीच्या तपासणीत एक खरा उपयोग आहे. काही ठिकाणी ३ टेस्लाच्या मशीनवर नसेच्या भिंतीचा खास एमआरआय होतो, ज्यात रक्त काळं केलं जातं आणि गॅडोलिनियम दिल्यावर भिंत उजळते का ते पाहतात. उजळली तर तिथे दाह असू शकतो; अजिबात उजळली नाही तर तेवढा दिलासा. पण भिंतीलगत रक्त फार मंद असेल तर ते नीट काळं होत नाही आणि भिंत उजळल्याचा भास होतो. तुमच्या सिम्युलेशनमधला निळा भाग आणि उजळलेला भाग एकाच जागी आले, तर रेडिओलॉजिस्टना हा भास तर नाही ना असं विचारायला जागा आहे. हा तपास सगळ्यांना लागत नाही, डॉक्टर म्हणाले तरच करा, आणि डाय देण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितलं जाईल.

मात्र तुमचं कसब याहून जास्त कामी येईल ते पुढच्या स्कॅनच्या वेळी. फुगा वाढतोय का, हा प्रश्न शिअरपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. वाढणारा फुगा फुटण्याचा धोका जास्त, यावर फारसं दुमत नाही. सहा महिन्यांनी स्कॅन शक्यतो त्याच सेंटरला, त्याच प्रकारचा, तेवढ्याच जाडीच्या स्लाइसचा करा. दोन्ही मॉडेल एकाच पद्धतीने काढा, फुगा वगळून आजूबाजूच्या नसा एकमेकींवर बसवा आणि मग फुग्याच्या पृष्ठभागातलं अंतर मोजा. नसाच ०.३ मिमीने जुळत नसतील तर फुग्यातला ०.३ मिमीचा फरक म्हणजे काही नाही. कुठल्याही एका दिशेला १ मिमी किंवा जास्त वाढ, किंवा नवा उंचवटा, ही डॉक्टरांपुढे ठेवायची गोष्ट. आणि ती ठेवताना रंगीत नकाशा न दाखवता त्या जागेच्या दोन्ही तारखांच्या मूळ स्लाइस शेजारी शेजारी दाखवा. दोन मिनिटांत बघून होतं. मॉडेल क्लाउडवर चालवणार असाल तर आधी स्कॅनच्या डायकॉम फायलींतून आईंचं नाव, जन्मतारीख, नंबर काढून टाका.

थांबण्यात मी जुगार खेळतेय का, असं तुमच्या पत्रात न लिहिता लिहिलेलं आहे. डॉक्टर वापरतात त्यातली एक गुणपत्रिका, फेजेस, २०१४ ची, घालून बघू. बीपीला १ गुण, ७ मिमीच्या आत म्हणून आकाराला ०, ७० च्या आत म्हणून वयाला ०, पूर्वी रक्तस्राव नाही म्हणून ०, जागेला ४. एकूण ५, म्हणजे पाच वर्षांत फुटण्याची शक्यता १.३ टक्के. यात भारतीय रुग्णांचा गट नाही, फुग्याचा आकार वेडावाकडा आहे का हे नाही, सिगारेटही नाही, तेव्हा हा आकडा ढोबळच धरा. पण दुसऱ्या पारड्यात क्लिपिंग (कवटी उघडून मानेला चिमटा लावणं), कॉइलिंग (नसेतून जाऊन फुग्यात तार भरणं) किंवा फ्लो डायव्हर्टर (मूळ नसेत जाळीची नळी बसवणं) यांची स्वतःची जोखीम असते, आणि ती आजच पत्करावी लागते. सहा महिन्यांनी बघू हा सल्ला या आकड्यांशी जुळतो. पुढच्या भेटीत विचारा: डोमवर उंचवटा आहे का, फुग्याच्या उंचीचं मूळ नसेच्या व्यासाशी प्रमाण किती, सहा महिन्यांत काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल, आणि उपचार करायचाच झाला तर या मानेला कॉइल बसेल की क्लिप बरी. घरी बीपी सकाळ-संध्याकाळ मोजून तारखेसकट वहीत लिहा. आई मिश्री लावत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. ते कुणी आपणहून विचारत नाही. अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी मनाने चालू करू नका, आणि आधीपासून चालू असेल तर मनाने बंदही नको.

तुमच्या स्वतःच्या स्कॅनबद्दल विचारलेलं नाही, पण ते डोक्यात येणारच. आई-वडील, भावंडं, मुलं यांत दोघांना किंवा जास्त जणांना अ‍ॅन्युरिझम असेल तर बाकीच्यांची तपासणी सुचवली जाते. एकट्या आईंना असेल तर सहसा नाही. मामा-मावश्यांपैकी कुणी तरुणपणी अचानक डोकं दुखून गेलं होतं का, एवढं मात्र आईंना विचारून घ्या आणि न्यूरोसर्जनच्या कानावर घाला.